बंड्याचा डबा

काही घरांत रद्दी साठते, काही घरांत श्रीखंडाचे रिकामे डबे. आम्हा चौघांकडे किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि ऐकवायला नवीन माणूस मिळत नाही. मे महिना लागला की माझा नवरा आधीच हात जोडतो. "निघालात का तळ्यावर?" म्हणतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

चौघं म्हणजे मी, मंदा, पक्या आणि बंड्या. वर्तकनगरच्या पुढे, कोलशेतच्या अलीकडे एक तळं होतं. म्हणजे अजून आहे, पण ते पुढे सांगते. त्या तळ्याच्या काठाला आमची कॉलनी. सगळे बाप कारकून, सगळ्या आया घरी, आणि आम्ही पोरं मे महिनाभर पाण्यात. सकाळी जे उतरायचो ते भूक लागली की बाहेर. आता मी डोंबिवलीत, मंदा कल्याणला, पक्याचं नौपाड्यात चष्म्याचं दुकान. बंड्या मोठा साहेब झाला, गाडी, ड्रायव्हर, सगळं. वर्षातून एकदा, मे महिन्यातच भेटायचं असं ठरलेलं. तेच किस्से, तेच हसणं, आणि दरवर्षी शेवटी कोणीतरी म्हणायचंच, "पण बंड्याचा डबा राहिला यार."

तेवढं एक वेळेवर झालं असतं, तर आज मी हे सगळं नुसतं हसत सांगितलं असतं.

*

डबा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आमच्या लहानपणी पोहायला शिकवायला कोच नव्हता, चांगुणाआत्या होती.

तळ्याच्या पलीकडे आगऱ्यांची चार घरं, भोवतीची शेतं त्यांचीच. आत्या त्यातल्या एका घरातली. कोणाची आत्या ते विचारू नका, सगळ्यांचीच. ती काठावर कपडे धुवायची आणि कॉलनीतली पोरं पाण्याशी खेळताना दिसली की तिचा जीव वरखाली व्हायचा. शेवटी तिने ठरवलं की रोज राखण करत बसण्यापेक्षा सगळ्यांना पोहायलाच शिकवून टाकू.

तिच्याकडे गोडेतेलाचा पत्र्याचा डबा होता, तोंड झाळून बंद केलेला, हिरवा रंग मारलेला. तो लुगड्याच्या जुन्या काठाने पोराच्या पाठीला बांधायचा. पोर तरंगायचं. आत्या लुगड्याचा कासोटा खोचून बाजूने पोहत राहायची. असे बरेच दिवस जायचे. मग एक दिवस, पोराला न सांगता, मधल्या पाण्यात ती हळूच गाठ सोडायची. पोर आपलं डब्याच्या भरवशावर हातपाय मारत काठाला लागायचं, आणि मागून आत्याची आरोळी यायची, "डबा माझे हातान हाय!"

मागे वळून बघावं तर खरंच तिच्या हातात हिरवा डबा. माझा सुटला तेव्हा मी आधी घाबरून रडले आणि मग विचारलं, "आत्या, कुठे सोडलात? कुठपासून मी एकटी आले?" आत्या हे कधीच कोणाला सांगायची नाही. कितीही मागे लागा. ती फक्त म्हणायची, "घरी जा, भाकर खा."

*

माझ्या आईला हे अजिबात पसंत नव्हतं. मुलीची जात, उघड्यावर काय पोहते, वगैरे. एका दुपारी छत्री घेऊन ती तळ्यावर भांडायला गेली. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "वहिनी, पोरगी बुराय लागली तं तुमी काय करशाल?"

आई म्हणाली, मी उडी मारीन.

"आन् मंग तुमाला कोन काढल?"

त्यानंतर काय झालं ते आम्हाला आजही नीट माहीत नाही, कारण आम्ही आंब्याखाली होतो. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले. घराला कुलूप. शोधत शोधत तळ्यावर आले, तर मधोमध आमची मातोश्री, पाचवारी साडीचा काचा मारलेला, पाठीला हिरवा डबा, आणि शेजारी आत्या.

बाबा काठावर पिशवी घेऊन उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "अगं, किल्ली?"

आई मधून ओरडली, "कमरेला आहे!"

बाबा अंधार पडेपर्यंत पायरीवर बसले. आई महिन्याभरात पोहायला शिकली आणि शेवटपर्यंत नातेवाइकांना सांगायची की मी तिथे फक्त लक्ष ठेवायला जायचे.

*

आता बंड्या. त्याचं खरं नाव श्रीनिवास, पण ते फक्त त्याच्या बायकोला आणि ऑफिसला माहीत आहे. बंड्या पाण्याला भ्यायचा. भ्यायचा म्हणजे, डबा बांधला असतानासुद्धा एका हाताने आत्याचा पदर धरून ठेवायचा. आमचे सगळ्यांचे डबे सुटले. माझ्यानंतर मंदाचा, मग पक्याचा, मग आमच्यापेक्षा लहान लहान शेंबड्यांचे. बंड्याचा काही सुटेना.

एकदा तो डबा बांधून काठाशी पाय आपटत होता. तळ्यात आत्याच्या म्हशी डुंबायच्या. त्यातली एक याच्या बाजूने गेली, हा घाबरला आणि घाबरून त्याने नेमकी तिचीच शेपटी धरली. म्हैस बिचारी आणखी घाबरली आणि सरळ पलीकडच्या काठाला निघाली. मागे बंड्या. डोळे मिटलेले, तोंडाने रामरक्षा.

पलीकडे पोचल्यावर साहेबांनी डोळे उघडले, कुठे आलोय ते बघितलं, आणि छाती काढून म्हणाले, "आत्या, मी तळं पार केलं."

आत्या म्हणाली, "म्हशीनी केला. तू पावना व्हतास."

पुढे लग्नात, बारशात, बंड्याच्या प्रमोशनच्या पार्टीतसुद्धा आम्ही त्याला पाहुणा म्हणूनच हाक मारली. तो हसायचा. पण एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "सुमे, ते एवढं सारखं नको ना काढू." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे त्याला लागतं.

*

आमची शेवटची सुट्टी. अर्थात तेव्हा ती शेवटची आहे हे कोणाला ठाऊक होतं? ठाऊक असतं तर आम्ही दुपारी झोपायला तरी घरी गेलो नसतो.

त्या मेमध्ये बंड्या सुधारला होता. पदर सोडलेला, लांब जायला लागलेला. एका संध्याकाळी कपडे पिळता पिळता आत्या मला आणि मंदाला हळूच म्हणाली, "रविवारी बंड्याचा डबा सोरतंय. बोलशाल तं बगा." आमच्या पोटात हे गुपित मावेना. मंदाने तर बोलायला नको म्हणून बंड्याशी कट्टी घेतली.

शनिवारी ट्रक आले. तळ्याचं सुशोभीकरण, असं काहीतरी निघालं होतं. तळ्याभोवती पत्रे ठोकले, पंप लावले, पाणी उपसायला सुरुवात केली. रविवारी सकाळी आम्ही पत्र्याच्या फटीतून बघत होतो. आत्या डबा काखेत घेऊन आमच्या मागे उभी होती. बंड्याला काहीच माहीत नव्हतं, तो बिचारा टॉवेल गुंडाळून आलेला.

"आता काय करायचं आत्या?" मी विचारलं.

"फुडल्या मयन्यान मोकला करतील," ती म्हणाली. "नाय तं फुडचे वर्साला."

पुढच्या वर्षापर्यंत पक्याचे वडील नौपाड्यात गेले, आमच्या बाबांनी डोंबिवलीत जागा घेतली. पत्रे निघाले तेव्हा आतून रेलिंग निघालं. पाण्यात उतरायची पायरीच त्यांनी भिंत घालून बंद केली होती. इतका राग येतो ना मला त्या भिंतीचा! अजून येतो.

*

आत्याकडे आम्ही पुन्हा जायला लागलो ते सगळ्यांची पोरं मोठी झाल्यावर. शेतं जाऊन टॉवर झाले होते. आत्या चौदाव्या मजल्यावर, नातू नितीन आणि नातसून रेश्माकडे. घर झकास. गॅलरीतून खाली तळं दिसतं, कारंजं, रंगीत दिवे, जॉगिंग ट्रॅक. आत्या दिवसभर त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायची.

आम्ही चौघं पहिल्यांदा गेलो तेव्हा तिला आधी ओळखच पटेना. मंदाला मी समजली, मला पक्याची बायको. आमची तोंडं उतरली. मग मागून बंड्या आत आला, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, हातात मिठाईचा बॉक्स. आत्याने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बंड्या, डबा सुटला का रं?"

घरात आम्ही सगळे हसलो. बंड्या मान खाली घालून म्हणाला, नाही आत्या. तेव्हा आत्या हसली नाही. म्हणाली की तळ्यावरच्या सगळ्या पोरांना तिने सोडलं, हा एकच अडकून राहिलाय, आणि डबा अजून माळ्यावर आहे. रेश्माने सांगितलं की घर बदलताना आजींनी पितळेची भांडी दिली, पण तो गंजका डबा काही कोणाला देऊ दिला नाही.

*

त्याच दिवशी ती हट्टाने आमच्याबरोबर खाली आली. तळ्याच्या रेलिंगला एक फाटक आहे, कारंज्याच्या मोटारीसाठी. आत्या सरळ त्याची कडी काढायला लागली. वॉचमन धावत आला. कोवळा पोरगा, नवीन युनिफॉर्म. म्हणाला, आजी, पाण्यात उतरायला मनाई आहे.

"तुला पोवाला येतं?" आत्याने विचारलं.

"नाही आजी."

"मंग मी बुराय लागले तं तू काय करशील?"

पोराने प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाला, "शिट्टी वाजवीन."

पक्या हसून हसून कठड्यावर बसला. आत्यालाही हसू आलं. पण परत येताना लिफ्टमध्ये चौदाव्या मजल्यापर्यंत तिने माझा हात सोडला नाही. मला वाटलं म्हातारपण. आता वाटतं, नसेल.

*

तळं नाही तर नाही, सोसायटीचा स्विमिंग पूल होताच. सहाव्या मजल्याच्या पोडियमवर, निळ्या फरशीचा, कठड्यावरून खाली तळं दिसतं. नितीनने आजीला नेलं. आत्या कासोटा मारून तयार. पूलच्या मॅनेजरने बोर्डाकडे बोट दाखवलं. नायलॉनचा कॉस्च्यूम आणि टोपी कंपल्सरी.

आत्याने नितीनकडून बोर्ड वाचून घेतला आणि मॅनेजरला विचारलं, "पोवाला जावाचा हाय का लग्नाला?"

नितीन कमिटीशी भांडायला निघाला होता, तिनेच आवरलं. म्हणाली की मला नाही उतरायचं, मी काठावर खुर्ची टाकून बसेन. बंड्या उतरेल. डबा माळ्यावरून काढून दे, मी बांधीन.

म्हणजे सगळं जमलेलं होतं बघा. पूल होता, डबा होता, आत्या होती. फक्त बंड्या यायचा बाकी होता.

आणि इथेच आमचं चुकलं. पहिल्या मेमध्ये बंड्याचा गुडघा. पुढच्या मेमध्ये दिल्लीची टूर. मग मुलीचं लग्न, मग बीपी. दर वेळी तो आत्याला फोन करायचा, "पुढच्या मेमध्ये नक्की." आम्ही तिघांनी तरी काय केलं? चेष्टा केली, पाहुणा म्हणालो, आणि आपापल्या घरी गेलो. खरं कारण गुडघा नव्हता, टूर नव्हती. एवढा मोठा माणूस, पाठीला डबा बांधून, सोसायटीच्या पोरांसमोर! लाज वाटायची त्याला. कोणीतरी त्याला दंडाला धरून न्यायला हवं होतं. आम्ही नेलं नाही.

*

यंदा होळीनंतर त्याचाच फोन आला. रिटायर झाला होता. म्हणाला, सुमे, या मेमध्ये उतरतो, कॉस्च्यूम घेतलाय, काळा. मी लगेच आत्याला फोन लावला. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून रेश्माने कानाशी ओरडून सांगितलं. मग आत्याचा आवाज आला, "मेपरेंत ऱ्हाते का मी?"

मी म्हटलं, काहीतरीच काय आत्या.

त्याच आठवड्यात त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर जोरदार भांडण झालं. रेश्माने मला सगळे मेसेज पाठवले होते. तेराव्या मजल्यावाल्यांची तक्रार: दुपारी दोन ते चार विश्रांतीची वेळ, चौदाव्या मजल्यावर ठोकाठोक चालते, प्लीज नोट. रेश्मा चिडली. दुपारी आम्ही दोघं कामावर, घरी आजी एकटी, त्या काय फर्निचर करतात का? तेरावा मजला म्हणाला, आवाज तुमच्याच गॅलरीतून येतो. सेक्रेटरी पाहणी करायला आले. गॅलरीत आत्या खुर्चीवर बसलेली, पायाशी गोणपाट. सेक्रेटरींनी विचारलं, आजी, काही ठोकत होता का?

आत्याने त्यांना बसायला सांगितलं आणि रेश्माला चहा टाकायला लावला. कान नाही म्हटल्यावर कोण काय विचारणार? सेक्रेटरी चहा पिऊन गेले, आणि ग्रुपवर लिहिलं, मॅटर क्लोज्ड.

*

एप्रिलमध्ये आत्या गेली. सकाळी गॅलरीत, खुर्चीतच. आम्ही चौघं गेलो. बंड्या गॅलरीचा कठडा धरून खाली बघत राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्या मनात एकच, एक महिना गं आत्या, एक महिना थांबायचं होतं. आणि लगेच वाटलं, तिने किती वर्षं थांबायचं होतं?

मे उजाडला तेव्हा रेश्माचा फोन आला. आजी सांगून गेल्यात म्हणाली, बंड्याला पाण्यात घाला. आणि हाच डबा बांधा, दुसरा आणायचा नाही.

तर आम्ही गेलो. सकाळची वेळ, पूल रिकामा. नितीन आता कमिटीवर आहे, त्याने तासभर मागून घेतला होता. बंड्या काळ्या कॉस्च्यूममध्ये, डोक्याला रबरी टोपी, थंडी नसताना कुडकुडत होता. मॅनेजर डबा बघून बोर्डाकडे वळला, पण बोर्डावर डब्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

काठावर रेश्माने आत्याची खुर्ची आणून ठेवली होती. तिच्याकडे आम्ही कोणी बघत नव्हतो.

डबा गंजून तांबडा झालेला, हिरवा रंग कुठे कुठे उरलेला. मी आणि मंदाने मिळून तो बांधला. आत्याची गाठ आम्हाला येत नव्हती. मंदाने गाठीवर गाठ, गाठीवर गाठ मारली. पक्या म्हणाला, एवढी कशाला? मंदा म्हणाली, "सोडायला कोण आहे आता?" आणि तिला रडू फुटलं.

बंड्या उतरला. दांडा धरून बराच वेळ उभा राहिला. मग सोडला. हात मारले, पाय मारले, नाकातोंडात पाणी गेलं, खोकला, पण तरंगत होता. पलीकडे गेला. तिथे दांडा धरून धापा टाकल्या आणि परत फिरला. मध्यावर एकदा खाली जातोय असं वाटलं, मी ओरडणारच होते, पण त्याने पाय जोरात झाडले आणि सरळ आमच्याकडे येत राहिला. काठाला हात लागला तेव्हा पक्याने टाळ्या वाजवल्या. मंदानेही वाजवल्या. पण ती आरोळी आली नाही.

बंड्या पायऱ्या चढायला लागला आणि मागे कलला. "अरे, मागून कोणी ओढतंय का? जड काय झालंय हे?"

पक्याने त्याला हात देऊन वर घेतलं. गाठी सुटेनात, शेवटी रेश्माने कात्री आणली. पक्याने डबा उचलला तर त्याला तो दोन्ही हातांनी धरावा लागला. आडवा केला. आतून पाणी पडायला लागलं, पडतच राहिलं, निळ्या फरशीवरून आमच्या पायांखालून वाहत गेलं.

डब्याच्या पाठीला टेकलेल्या बाजूला दोन भोकं होती, बांधताना आम्ही बघितलीच नव्हती. आपण तेलाच्या नव्या डब्याला पाडतो तशी, एक धारेसाठी आणि एक हवेसाठी. सगळा डबा गंजलेला होता. भोकांच्या कडा मात्र लखलखीत होत्या.

बंड्याने डबा पक्याच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला, भोकांवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून पूलकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्या टोकापासून परत.

"सुमे," तो म्हणाला, "कुठपासून गं?"

मी म्हणाले, "घरी जा, भाकर खा."